वजाबाकीनंतर उरणारा प्रकाश

जो डोळ्यांना दिसत नाही, ज्याचे तापमान एक कोटी अंशांच्या घरात असूनही ज्याच्या एक लिटर अवकाशात एखाददुसराच कण आढळावा इतका जो विरळ असतो, आणि तरीही ज्याचे एकूण वस्तुमान आपल्या सूर्यासारख्या कित्येक अब्ज ताऱ्यांना भारी ठरते, अशा वायूच्या अभ्यासात माझी उमेदीची वर्षे गेली. हा वायू दीर्घिकांच्या गटांमध्ये असतो. आपली आकाशगंगा, देवयानी तारकासमूहातील मोठी दीर्घिका आणि या दोघींच्या आसऱ्याने राहणाऱ्या अनेक लहान दीर्घिका मिळून जसा एक गट झाला आहे, तसे असंख्य गट विश्वात विखुरलेले असून निम्म्याहून अधिक दीर्घिका अशा गटांतच नांदतात. असे असूनही क्ष-किरण ज्योतिर्विज्ञानात पहिला मान मिळाला तो शेकडो-हजारो दीर्घिकांच्या महागुच्छांना, आणि ते साहजिकच होते. गुच्छांतील वायू अधिक तप्त, अधिक तेजस्वी आणि म्हणून मोजावयास सोपा असतो, तर गटांतील वायूचा प्रकाश इतका क्षीण की आकाशाच्या नित्याच्या उजेडातून तो वेगळा काढणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. माझे मत मात्र कामाच्या पहिल्या काही वर्षांतच पक्के झाले आणि त्यानंतर ते कधी बदलले नाही: दीर्घिका कशा वाढल्या, त्यांची वाढ कोणी रोखली आणि त्यांच्या ताऱ्यांनी घडवलेली मूलद्रव्ये अखेर गेली कोठे, या प्रश्नांबाबत गटाइतका खरा साक्षीदार दुसरा नाही.

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरणांना जमिनीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून या शास्त्राचा आरंभ अग्निबाणापासून झाला. १८ जून १९६२ रोजी रिकार्दो जिआकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडलेल्या अग्निबाणाने वातावरणाबाहेरच्या अवघ्या काही मिनिटांच्या मुक्कामात वृश्चिकेतील प्रखर क्ष-किरण स्रोत शोधला. पुढे १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळील सागरी तळावरून ‘उहुरू’ हा उपग्रह गेला, आणि दीर्घिकागुच्छांतून येणारे क्ष-किरण एखाद्या बिंदूतून न येता संपूर्ण गुच्छभर पसरलेल्या प्रदेशातून येतात हे त्याने दाखवले. १९७६ साली ययाति तारकासमूहातील गुच्छाच्या वर्णपटात लोहाची रेषा सापडली, तेव्हा हा प्रकाश तप्त वायूचाच आहे याविषयी संशय उरला नाही. गटांची पाळी यावयास त्यानंतर सतरा वर्षे लागली. जून १९९० मध्ये अंतराळात गेलेल्या ‘रोसॅट’ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून १९९३ साली दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकात वृषपर्वा तारकासमूहातील, ध्रुवताऱ्यापासून फारशा दूर नसलेल्या एनजीसी २३०० या गटाभोवती पसरलेल्या वायूचे वर्णन होते. दुसरा निबंध बर्मिंगहॅमच्या पॉनमन आणि बर्ट्राम यांचा, हिक्सन यांच्या यादीतील ६२व्या गटाविषयीचा. पॉल हिक्सन यांनी अगदी दाटीने राहणाऱ्या दीर्घिकांच्या शंभर गटांची यादी १९८२ साली केली होती. त्या यादीतील चिमुकल्या गटांत खरोखरच गुरुत्वाने बांधलेला संसार आहे, की काही दीर्घिका आपल्या दृष्टिरेषेवर योगायोगाने ओळीत आल्या आहेत, हा वाद बरीच वर्षे चालला होता. ज्या गटात तप्त वायू सापडला, त्याच्यापुरता तरी तो वाद मिटला; कारण एवढा तप्त वायू धरून ठेवावयास खोल गुरुत्वकूप लागतो आणि दृष्टिभ्रमाला गुरुत्व नसते.

मी पुण्यात संशोधनास आरंभ केला तेव्हा दोन मोठ्या क्ष-किरण दुर्बिणी अंतराळात नुकत्याच स्थिरावल्या होत्या. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ ही अमेरिकन दुर्बीण जुलै १९९९ मध्ये कोलंबिया अंतराळयानातून गेली, आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ ही युरोपीय दुर्बीण त्याच वर्षीच्या डिसेंबरात. क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर परावर्तित होत नाहीत. अगदी तिरपे, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असे आले तरच वळतात. म्हणून या दुर्बिणींचे आरसे रुंद नळकांड्यांसारखे, एकात एक बसवलेले असतात. चंद्राजवळ अशा चारच जोड्या, पण घडाई इतकी बिनचूक की अर्ध्या विकलेइतका बारकावा तिला दिसतो. एक्सएमएमच्या तीन दुर्बिणींत प्रत्येकी ५८ पातळ आरसे, त्यांचा बारकावा कमी पण प्रकाश गोळा करण्याची ताकद मोठी. गटांच्या अभ्यासकाला दोन्ही लागतात. पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या दोन संस्था शेजारीशेजारी आहेत, आणि त्या शेजाराचा माझ्या कामावर किती परिणाम झाला ते पुढे येईलच.

माझ्या मार्गदर्शकांनी एका गटाचे निरीक्षण माझ्या हाती दिले. मी उत्साहाने वायूच्या तापमानाची आणि घनतेची प्रकरणे वाचून ठेवली होती. सरांनी ती वही पाहिली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, “वायूचं नंतर पाहू. यातलं वायूचं काय नाही, ते आधी मला लिहून आण.” त्या एका वाक्याने माझे पुढचे कित्येक महिने ठरवून टाकले.

क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणातून हाती येते ती एक लांबलचक नोंदवही. कोणता फोटॉन केव्हा आला, संवेदकाच्या कोणत्या बिंदूवर पडला आणि त्याची ऊर्जा किती होती, एवढा तपशील एकेका ओळीत असतो. चंद्राचा संवेदक साधारण दर ३.२ सेकंदांनी आपले पटल वाचून नव्या नोंदी करतो आणि पटल कोरे करून पुन्हा वाट पाहत बसतो. गटाच्या गाभ्यात या नोंदी भरपूर असतात. बाहेरच्या भागात मात्र, जेथे वायूचा बहुतांश साठा असतो तेथे, दहा नोंदींपैकी एखादीच गटाच्या वायूची असण्याचा संभव असतो. गावच्या कुलकर्ण्याच्या दफ्तरात वसूल, बाकी आणि सूट यांचे रकाने वेगवेगळे असत व एका रकान्यातली रक्कम दुसऱ्यात गेली तर सारा ताळेबंद फसे. या नोंदवहीचेही तसेच असते. फरक इतकाच, की येथे कोणती नोंद कोणत्या रकान्यातली हे नोंदीवर लिहिलेले नसते, ते अनुमानाने ठरवावे लागते.

पहिला रकाना कणांचा. अंतराळातून वेगवान भारित कण सतत येत असतात, ते संवेदकावर आदळतात आणि क्ष-किरणांच्या नोंदीत बेमालूम मिसळून जातात. त्यांना वेगळे काढण्याची युक्ती मला प्रथम समजली तेव्हा झालेला आनंद आजही ताजा आहे. चंद्राचे आरसे एका मर्यादेपलीकडच्या, सुमारे दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरच्या ऊर्जेचे किरण एकत्र आणू शकत नाहीत. म्हणजे त्या ऊर्जेवर दुर्बीण आंधळी असते, पण संवेदक जागा असतो. तेव्हा त्या पट्ट्यात ज्या नोंदी येतात त्या आकाशाच्या असूच शकत नाहीत, त्या केवळ कणांच्या. दुर्बिणीला जेथे काही दिसत नाही तेथली मोजणी घ्यावयाची, आणि तिच्या आधाराने जेथे दिसते तेथली वजावट ठरवावयाची, अशी ही रीत आहे. एक्सएमएमच्या बाबतीत आणखी एक उपद्रव असतो. पृथ्वीच्या चुंबकावरणातील कमी ऊर्जेचे प्रोटॉन कधी कधी आरशांच्याच वाटेने लोंढ्यासारखे आत येतात आणि नोंदींचा दर एकाएकी अनेक पटींनी चढतो. असा काळ शोधून निरीक्षणातून छाटून टाकण्यावाचून इलाज नसतो. ज्या निरीक्षणाची आपण वर्षभर वाट पाहिली त्याचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, असा निकालात काढावा लागतो.

दुसरा रकाना खुद्द आकाशाचा. आपला सूर्य ज्या प्रदेशात आहे त्याच्या आसपास तप्त वायूची एक पोकळी आहे, आपल्या आकाशगंगेभोवती तप्त वायूचे विरळ आवरण आहे, आणि या दोहोंचा प्रकाश नेमका त्याच कमी ऊर्जेच्या पट्ट्यात येतो ज्यात गटांचा वायू प्रकाशतो. त्यात सौरवाऱ्याची भर. सौरवाऱ्यातील ऑक्सिजनचे भारित अणू जेव्हा उदासीन अणूंना भेटतात तेव्हा त्यांच्याकडून इलेक्ट्रॉन घेतात व क्ष-किरण टाकतात. १९९६ साली ह्याकुताके धूमकेतूतून क्ष-किरण येताना रोसॅटने पाहिले, आणि धूमकेतूसारख्या थंड वस्तूतून ते कसे येतात याचा उलगडा करताना ही प्रक्रिया ध्यानी आली. म्हणजे कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या वायूचे मापन करताना त्या दिवशी सूर्याची तब्येत कशी होती याचीही चौकशी करावी लागते. अखेरीस दूरदूरच्या, वेगळ्या न दिसणाऱ्या असंख्य कृष्णविवरांचा एकत्रित उजेड असतोच. या प्रत्येक घटकाला वर्णपटात त्याची जागा द्यावी, गटाच्या बाहेरील आकाशाचे रोसॅटचे जुने मापन मदतीस घ्यावे, आणि मग जे उरेल ते गटाचे म्हणावे.

हे काम कंटाळवाणे आहे असे अनेकांना वाटते. मला ते कधीच तसे वाटले नाही, आणि त्याचे कारण एनजीसी २३०० याच गटाच्या इतिहासात आहे. १९९३च्या निबंधात या गटातील सामान्य द्रव्याचा, म्हणजे तारे आणि वायू यांचा, एकूण वस्तुमानातील वाटा फारच अल्प निघाला होता आणि अदृश्य द्रव्याचे प्रमाण त्यामुळे प्रचंड ठरत होते. निष्कर्ष मोठा होता, विश्वाच्या एकूण घडणीशी भिडणारा होता. परंतु लगेच पुढच्या काळात अन्य अभ्यासकांनी तेच मापन हाती घेऊन, पार्श्वभूमी वेगळ्या रीतीने ठरवून आणि वायूची व्याप्ती निराळी धरून पाहिले, तेव्हा सामान्य द्रव्याचा वाटा बराच अधिक निघाला. दुर्बीण तीच, नोंदी त्याच, फोटॉन तेच. वजावट बदलली आणि विश्वाविषयीचे विधान बदलले. हा दाखला मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत आले आहे.

लोहाचे प्रकरण याहूनही बोधप्रद आहे. एक कोटी अंशांच्या आसपास लोहाच्या अणूवर तीन ते दहा इलेक्ट्रॉनच शिल्लक राहतात आणि त्यांच्या असंख्य वर्णरेषा एक हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारास दाटी करून वर्णपटात एक ठळक उंचवटा उभा करतात. आपल्या संवेदकाला त्या रेषा सुट्या दिसत नाहीत, उंचवटा तेवढा दिसतो. वायू थोडा अधिक तापला की तो उंचवटा वरच्या ऊर्जेकडे सरकतो, म्हणून तोच आमचा तापमापक. १९९३ साली गेलेल्या ‘आस्का’ या जपानी दुर्बिणीने गटांचे वर्णपट दिले तेव्हा त्यांतील लोहाचे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके कमी येऊ लागले. ताऱ्यांनी घडवलेले लोह गेले कोठे, याची चर्चा सुरू झाली. त्या दशकाच्या अखेरीस उत्तराचा एक भाग वर्णपटाच्या मांडणीतच सापडला. गटाच्या गाभ्यातला वायू बाहेरच्यापेक्षा थंड असतो. दोन तापमानांचे दोन उंचवटे एकमेकांत मिसळले की एक रुंद, बसकट उंचवटा तयार होतो. आणि सारा वायू एकाच तापमानाचा आहे असे गृहीत धरणाऱ्या गणिताला हा बसकटपणा समजावून सांगण्यासाठी लोह कमी करण्याखेरीज दुसरा मार्गच नसतो. दोन तापमाने मान्य करताच लोहाचे प्रमाण वर आले. आमच्या गटाच्या गाभ्याचा वर्णपट मी प्रथम एका तापमानाने आणि मग दोन तापमानांनी जुळवून पाहिला, तेव्हा लोह दुपटीच्या आसपास चढलेले पाहून मला वाटले, की वायू आपल्याशी खोटे बोलत नाही, प्रश्न मात्र त्याच्या घडणीला धरून विचारला पाहिजे.

उत्तराचा दुसरा भाग अधिक खोल होता व तो टिकला. मांडणीचे दोष दुरुस्त केल्यावरही, गटातील ताऱ्यांच्या एकूण प्रकाशाच्या मानाने वायूत जितके लोह सापडावयास हवे तितके सापडत नाही. गुच्छांत ते सापडते. लोह आणि त्याला धारण करणारा वायू, यांपैकी बराचसा भाग गटाच्या मध्यापासून लांब ढकलला गेला असावा, असाच त्याचा अर्थ लागतो. ढकलणारा कोण?

येथे गटांचे खरे महत्त्व प्रकट होते. वायूला तापवणारे केवळ गुरुत्वच असते, तर गट हे गुच्छांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती ठरले असते व तापमान आणि तेज यांचे नाते दोन्हीकडे सारखेच राहिले असते. प्रत्यक्षात गटांचे तेज त्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी भरते. पॉनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले, की लहान व्यवस्थांच्या गाभ्यातील वायूची एंट्रॉपी गुरुत्वाच्या वाट्याला येते त्याहून अधिक असते; कोणीतरी बाहेरून उष्णता दिल्यामुळे हा वायू फुगला आहे, विरळ झाला आहे आणि म्हणून मंद दिसतो. ही उष्णता गुच्छालाही मिळत असेल, परंतु गुच्छाचे गुरुत्व इतके बलाढ्य की तेवढ्याने त्याचे फारसे बिघडत नाही. गटाचा गुरुत्वकूप उथळ. त्याच्या मध्यावरील दीर्घिकेच्या कृष्णविवराने जोर केला, की गटाचा सारा वायू हलतो. गटात गुरुत्वाचा शब्द अखेरचा नसतो, आणि म्हणूनच गुरुत्वाशिवाय आणखी कोणाचा अंमल तेथे चालतो हे तेथेच नीट पाहता येते.

तो अंमल डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर कन्या राशीतील एनजीसी ५८१३ पाहावी. सुमारे साडेदहा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या या दीर्घिकेकडे चंद्राने एकूण साडेसहा लक्ष सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेसात दिवस, टक लावून पाहिले. तिच्या मध्यापासून दोन्ही अंगांना एकापलीकडे एक अशा पोकळ्यांच्या तीन जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीबरोबर एक आघाततरंग वायूतून बाहेर सरकताना दिसतो. कृष्णविवरातून निघालेल्या झोतांनी वायू बाजूला सारून या पोकळ्या केल्या. तीन जोड्या म्हणजे तीन वेगवेगळे उद्रेक, साधारण कोटी वर्षांच्या अंतराने झालेले, आणि तिन्हींची निशाणी एकाच चित्रात शाबूत. गाभ्यातला वायू क्ष-किरण टाकून जी उष्णता गमावतो ती भरून काढावयास हे आघाततरंग पुरेसे आहेत असे तेथील मापन सांगते. वायू निवला असता तर तो मध्याकडे कोसळून त्याचे तारे झाले असते. तसे न होता ती दीर्घिका वृद्ध ताऱ्यांचीच राहिली आहे. पोकळीचे आकारमान आणि भोवतीचा दाब यांच्या गुणाकारावरून उद्रेकाची ऊर्जा निघते, पोकळी वर चढावयास किती काळ लागला यावरून तिचे वय, आणि या दोन संख्यांवरून कृष्णविवराचे सरासरी सामर्थ्य. इतक्या साध्या गणिताने इतक्या दूरच्या गोष्टीचे मोजमाप करता यावे, याचे मला अजून नवल वाटते.

परंतु पोकळीत नेमके काय भरले आहे हे क्ष-किरणांना सांगता येत नाही. तेथे क्ष-किरणांचा अभाव एवढेच ते सांगतात. आत काय आहे ते सांगावयास रेडिओ दुर्बीण लागते, आणि या कामासाठी जगातील उत्तम साधनांपैकी एक आमच्या पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मध्यभागी दाटीने, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, गावोगावच्या शेतांमध्ये उभ्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बसवलेली बारीक जाळी, ही त्यांची रचना स्वस्त तर आहेच, पण वाऱ्यालाही ती कमी अडवते. तरीही वारा एका मर्यादेपलीकडे गेला की सर्व तबकड्या वर तोंड करून थांबवाव्या लागतात. आमच्या निरीक्षणाच्या रात्री नियंत्रण कक्षात कामावर असलेले जुन्नरकडचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ वाऱ्याच्या आकड्याकडे पाहत मला म्हणाले, “ताई, तासभर धीर धरा, पहाटेपर्यंत पडंल हा.” आणि तो पडला. ओळखीच्या प्रखर स्रोतावर दुर्बीण लावून मापनाची पडताळणी करावी, मग गटाकडे वळावे, पुन्हा मध्येच पडताळणी करावी, अशा क्रमाने रात्र सरते. आणि त्यानंतर मोबाइल मनोरे, विजेच्या तारा, यंत्रे यांनी केलेली ढवळाढवळ नोंदींतून निवडून काढण्यात आठवडे जातात. वजाबाकीपासून येथेही सुटका नाही.

कमी वारंवारतेला गटांच्या अभ्यासात इतके मोल का, ते सांगितले पाहिजे. पोकळ्या भरणारे वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी टाकतात आणि ऊर्जा गमावतात. ज्यांच्याजवळ ऊर्जा अधिक ते लवकर संपतात. म्हणून जुना झालेला उद्रेक उच्च वारंवारतेवर आधी मावळतो आणि कमी वारंवारतेवर अखेरपर्यंत दिसत राहतो. हिक्सन ६२ या गटातील पोकळ्या चंद्राने दाखवल्या होत्या. त्यांतील रेडिओ द्रव्य जीएमआरटीच्या २३५ मेगाहर्ट्‌झवरील निरीक्षणात दिसले, आणि ते पोकळ्यांपलीकडेही पसरलेले आढळले. एनजीसी ५०४४ या गटात तर २३५ मेगाहर्ट्‌झवर जे विस्तीर्ण द्रव्य दिसते ते ६१० वर दिसतच नाही. असे अठरा गट जीएमआरटीने या दोन्ही वारंवारतांवर पाहिले आणि त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. कक्षेतील दुर्बिणीने पोकळीचा आकार सांगावा आणि खोडदच्या शेतांतील दुर्बिणीने तिचा धनी ओळखावा, या दोन साक्षी एकमेकींना मिळतात तेव्हा जी खातरजमा होते तिची बरोबरी कोणतेही संगणकीय प्रतिमान करू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. आमच्या गटात आम्हाला एकच पोकळी दिसत होती. रेडिओ नकाशा तयार झाला तेव्हा तिच्या विरुद्ध अंगाला, जेथे क्ष-किरणांच्या नकाशात नुसती शंका होती, तेथेही उजेड होता. त्या दिवशी शेजारच्या संस्थेतून माझ्या खोलीपर्यंतची वाट मी जवळजवळ धावत आले.

निरीक्षणासाठी वेळ मिळवण्याची कथा थोडक्यात सांगते. या दुर्बिणींवरील वेळ कोणाच्या मालकीचा नसतो. वर्षाकाठी ठराविक मुदतीत अर्ज मागवतात, परीक्षकांची समिती ते तपासते, आणि उपलब्ध वेळेच्या अनेक पट मागणी असल्यामुळे बहुतेक अर्ज नामंजूर होतात. माझेही झाले. चिकाटी लागते, यापलीकडे त्यात सांगण्याजोगे काही नाही.

सांगण्याजोगी गोष्ट निराळीच आहे, आणि ती तातडीची आहे. चंद्राच्या संवेदकासमोरील पातळ पडद्यावर गेल्या अनेक वर्षांत प्रदूषक द्रव्याचा थर साचत गेला असून तो कमी ऊर्जेचे क्ष-किरण गिळतो. उष्ण गुच्छांच्या अभ्यासाला त्याची झळ कमी लागते. गटांचा प्रकाश मात्र नेमका त्याच पट्ट्यात येतो. २००० सालच्या सुमारास काही तासांत मिळत असे तेवढी माहिती आज त्याच गटाकडून मिळवावयाची तर वेळ फारच अधिक द्यावा लागतो. नव्या दुर्बिणी आल्या आहेत. जुलै २०१९ मध्ये गेलेल्या ‘ई-रोसिटा’ने संपूर्ण आकाश पाहिले असून तिच्या मापनाचा पहिला संच ३१ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेली जपानची ‘क्रिझम’ अधिक ऊर्जेच्या वर्णरेषा सुट्या करू शकते. पण अर्ध्या विकलेचा बारकावा यांपैकी कोणाजवळ नाही. लहान पोकळ्या, बारीक आघाततरंग आणि गाभ्यातील वायूचे सूक्ष्म थर यांचा जो दस्तऐवज चंद्राने आपल्या पहिल्या दशकात तयार केला, तसा पुन्हा तयार करणारी दुर्बीण आज अंतराळात नाही.

तो दस्तऐवज सर्वांस खुला आहे. निरीक्षकाचा ठराविक मुदतीचा हक्क संपला की प्रत्येक नोंदवही सार्वजनिक दफ्तरात जाते, आणि ती वाचण्याची संगणकीय साधनेही विनामूल्य मिळतात. जीएमआरटीचे जुने निरीक्षणही याच रीतीने मागता येते. नांदेडच्या, चिपळूणच्या किंवा मडगावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यासाठी परदेशी जावे लागत नाही, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. साधा संगणक, इंटरनेट आणि काही महिन्यांची स्वस्थता पुरते. ज्यांना ही आवड असेल त्यांनी एनजीसी ५८१३चे निरीक्षण उतरवून घ्यावे आणि पोकळ्या शोधण्याची घाई न करता आधी पार्श्वभूमी ठरवावयास बसावे.